लघवीतून प्रोटीन जातंय का? किडनीचा बिघाड आधी दाखवणाऱ्या तपासणीची सविस्तर माहिती

शुगरची गोळी चालू आहे, बीपीची गोळी चालू आहे, शेतातली कामे होतात, जेवण जाते, अंगावर सूज नाही. मग किडनीला काय धाड भरलीय, असे बहुतेकांना वाटते. पण किडनीचे दुखणे सांगून येत नाही. पाय सुजले, धाप लागली, उलट्या सुरू झाल्या म्हणून माणूस तालुक्याला जातो, तेव्हा किडनीचे बरेचसे काम थांबलेले असते आणि डॉक्टर डायलिसिसचे नाव काढतात. डायलिसिस म्हणजे आठवड्याला दोन-तीन वेळा, दरवेळी चार तासांच्या आसपास मशीनला. रोजगार बुडतो, सोबतच्या माणसाचाही बुडतो.

या सगळ्याच्या कितीतरी वर्षे आधी लघवीत एक खूण दिसायला लागते. ती म्हणजे लघवीतून जाणारे प्रोटीन. ती पकडायला ना सुई लागते, ना सोनोग्राफी. डबीभर लघवी पुरते.

प्रोटीन लघवीत येतेच कसे?

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले जवळपास सगळे परत रक्तात घेतात. शेवटी लघवी होते ती दीड-दोन लिटर. या गाळणीतून मीठ, युरिया, क्रिएटिनिन असे बारीक पदार्थ पलीकडे जातात. रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रोटीन आकाराने मोठे असते, ते अलीकडेच राहते.

पिठाच्या चाळणीला भोक पडले की कोंडा पिठात येतो, तसेच इथे होते. शुगर आणि बीपीने गाळणीवर वर्षानुवर्षे ताण पडला की ती फाटू लागते आणि अल्ब्युमिन लघवीत उतरते. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जाते, त्यातले अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असते. त्याच्या वर गेले की शोध घ्यावा लागतो.

ही गोष्ट डॉक्टरांना नवीन नाही. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवण्याची पद्धत वापरली. लघवी पांढरी होऊन गोठायची आणि अशा रुग्णांच्या किडन्या खराब निघायच्या. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते, तोच हा प्रकार. अंड्याच्या पांढऱ्यातही अल्ब्युमिनच असते.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग ही कशाला?

गावाकडे किडनीची तपासणी म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन, असा समज आहे. क्रिएटिनिन गरजेचेच आहे, पण ते उशिरा बोलते. किडनीचे जवळपास निम्मे काम गेले तरी क्रिएटिनिन नॉर्मलच्या रकान्यात राहू शकते. शुगरच्या रुग्णात लघवीतले अल्ब्युमिन बहुधा त्याच्या आधी वाढते. म्हणून दोन्ही तपासण्या जोडीने करायच्या असतात. रक्ताची तपासणी सांगते की किडनी काम किती करते. लघवीची तपासणी सांगते की गाळणी फाटलीय का.

तपासणीचे चार प्रकार

१. पट्टी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावातल्या बहुतेक लॅबमध्ये हीच होते. पट्टीवरचा पिवळा चौकोन लघवीत बुडवला की प्रोटीनच्या प्रमाणात हिरवा-निळा होतो. डबीवरच्या रंगांशी जुळवून निकाल लिहितात. 'निल' म्हणजे नाही, 'ट्रेस' म्हणजे पुसटसे, १+ म्हणजे १०० मिली लघवीत साधारण ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३०० आणि ४+ म्हणजे त्याहून कितीतरी जास्त. पट्टी स्वस्त आहे आणि दोन मिनिटांत होते. पण सुरुवातीची थोडी गळती तिला दिसत नाही. शुगरच्या रुग्णाची पट्टी 'निल' आली म्हणजे किडनी ठणठणीत, असे धरू नये.

२. उकळून पाहणे. जुनी पद्धत, काही लॅबमध्ये आजही चालते. काचेच्या नळीतली लघवी वरच्या बाजूने तापवतात. गढूळ झाली तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकतात. गढूळपणा गेला तर तो क्षाराचा, राहिला तर प्रोटीनचा.

३. एसीआर. सुरुवातीचा बिघाड पकडायला हीच खरी तपासणी. पूर्ण नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. यात मशीनवर अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजतात. अल्ब्युमिनला चिकटणारे द्रावण लघवीत मिसळतात, त्याने जो गढूळपणा येतो त्यातून प्रकाश सोडून प्रमाण काढतात.

दोन्ही का मोजायचे? उन्हात काम करून पाणी कमी प्यायलेल्याची लघवी घट्ट असते, तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याची पातळ. नुसते अल्ब्युमिन मोजले तर आकडा पाण्याप्रमाणे बदलतो. क्रिएटिनिन मात्र दिवसभरात साधारण सारखेच बाहेर पडते, म्हणून त्याच्याशी भागाकार करतात. समजा घट्ट लघवीत १०० मिलीमागे अल्ब्युमिन १२ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन ८० मिलिग्रॅम निघाले. त्याच माणसाच्या पातळ लघवीत अल्ब्युमिन ६ आणि क्रिएटिनिन ४० निघाले. दोन्हींचा भागाकार एकच येतो, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे १५० मिलिग्रॅम अल्ब्युमिन.

काही रिपोर्टवर नुसते 'मायक्रोअल्ब्युमिन' असते, रेशो नसतो. नमुना देतानाच 'रेशो येईल ना?' असे विचारून घ्यावे.

४. चोवीस तासांची लघवी. दिवसभरात नेमके किती प्रोटीन जाते ते यात कळते. सकाळी सहा वाजता लघवी करून ती टाकून द्यायची. त्यानंतर दिवसाची, रात्रीची, शेतात गेल्यावरची, सगळी लघवी लॅबच्या कॅनमध्ये धरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची धरून कॅन बंद करायचा आणि मधल्या काळात तो थंड जागी ठेवायचा. एखादी वेळ चुकली तर आकडा चुकतो, आणि लॅबला ते कळतही नाही. चुकली असेल तर सरळ सांगावे. याच त्रासामुळे आता बरेच डॉक्टर सकाळच्या एका नमुन्यावर रेशो करून काम भागवतात. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन जात असेल तर गळती मोठी समजतात.

नमुना कसा द्यावा?

– सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सर्वात चांगली.
– सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत घ्यावी.
– डबी लॅबचीच वापरावी. औषधाची रिकामी बाटली धुऊन आणू नये.
– नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवावा.
– पाळी चालू असताना महिलांनी नमुना देऊ नये, रक्त मिसळून निकाल चुकतो.
– ताप असेल, लघवीला जळजळ असेल किंवा आदल्या दिवशी ऊसतोड, पोती वाहणे असे अंगमेहनतीचे काम झाले असेल तर ते आधी सांगावे. अशा वेळी चांगल्या किडनीतूनही थोडे प्रोटीन येते आणि नंतर आपोआप थांबते.

एसीआरचा रिपोर्ट कसा वाचावा?

– ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली: ठीक.
– ३० ते ३००: गळती सुरू झाली आहे. सावध होण्याची हीच वेळ.
– ३०० च्या वर: गळती जास्त. किडनीच्या डॉक्टरांना दाखवावे.

एकाच रिपोर्टवर किडनी गेली म्हणून घाबरू नये आणि एकाच चांगल्या रिपोर्टवर निश्चिंतही होऊ नये. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा तपासून दोनदा तरी वाढलेले निघाले तरच ते पक्के धरतात. म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतो.

लघवीला फेस येतो, म्हणजे प्रोटीन जाते का? प्रत्येक वेळी नाही. धार जोरात असली तरी फेस होतो. पण साबणासारखा फेस रोजच होत असेल आणि बराच वेळ मोडत नसेल तर तपासून घ्यावे. उलट फेस नाही म्हणून तपासणी टाळू नये, सुरुवातीच्या गळतीत फेस येतच नाही.

कुणी करायची आणि कधी?

प्रौढ वयातली शुगर, म्हणजे टाइप २ असेल तर ती निघाल्याबरोबर आणि पुढे दर वर्षी. लहानपणापासूनच्या टाइप १ शुगरला पाच वर्षे झाल्यापासून दर वर्षी. बीपीच्या रुग्णांनी आणि घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

गरोदर महिला: प्रत्येक तपासणीला लघवीची पट्टी का लावतात, हे बऱ्याच घरांत माहीत नसते. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्यावर गेले आणि लघवीत प्रोटीन आले, तर ते झटक्यांच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली वरच्या पोटात दुखणे, तोंड आणि हात एकदम सुजणे, यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लहान मुले: सकाळी उठल्यावर पोराचे डोळे सुजलेले दिसतात. घरचे म्हणतात झोप जास्त झाली, काहीतरी चावले. पट्टी लावली तर ३+ निघते. मुलांमधला हा आजार बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतो, पण उलटतोही. म्हणून डॉक्टर आईवडिलांनाच घरी पट्टी लावून वहीत लिहायला शिकवतात.

पट्टी चांगली, तरी किडनी खराब?

असेही होते, आणि शेतात राबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आंध्र प्रदेशातला श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा भातपट्टा, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमधले ऊसतोड कामगार, या ठिकाणी शुगर-बीपी नसलेल्या कष्टकऱ्यांच्या किडन्या खराब झालेल्या आढळल्या. त्यांच्या लघवीत प्रोटीन फार कमी किंवा नसतेच, कारण बिघाड गाळणीत नसून पुढच्या नळ्यांत असतो. ऊन, कमी पाणी, कीटकनाशके, पिण्याचे पाणी अशी अनेक कारणे तपासली जात आहेत. अशा बाबतीत रक्तातले क्रिएटिनिनच उपयोगी पडते.

प्रोटीन निघाले तर पुढे काय?

वेळेत कळले तर गळती कमी करता येते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गटातल्या बीपीच्या गोळ्या गाळणीवरचा दाब कमी करतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्याही किडनीची झीज मंदावतात. कुणाला कोणती गोळी चालेल हे डॉक्टरच ठरवतील. रामिप्रिल-टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून घेऊ नये.

शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवणे, मीठ दिवसाला चमचाभराच्या आत, लोणचे-पापड कमी, तंबाखू बंद, हे पथ्य पाळावे. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅकसारखी गोळी खाणे थांबवावे.

'प्रोटीन जातंय' म्हटल्यावर काही जण प्रोटीन पावडर सुरू करतात. त्याने गाळणी दुरुस्त होत नाही, उलट तिच्यावर ताण वाढतो. काही जण डाळ-अंडी एकदम बंद करतात, त्याने अशक्तपणा येतो. आहार किती हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

माहीत नसलेले भस्म, जडीबुटी आणि लेबल नसलेल्या गोऱ्या होण्याच्या क्रीम यांपासूनही लांब राहावे. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम भागात लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या काही रुग्णांचा माग काढताना डॉक्टर अशाच क्रीमपर्यंत पोचले होते. त्यात पारा होता.

तपासणी कुठे होते?

पट्टीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. एसीआर सगळीकडे होत नाही, बऱ्याचदा नमुना तालुक्याला किंवा जिल्ह्याला पाठवावा लागतो. जाण्याआधी आशाताईंकडे किंवा केंद्राच्या लॅबमध्ये चौकशी करावी.

शुगर-बीपीच्या गोळ्या आणायला घरातले कुणी ना कुणी दर महिन्याला जातेच. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढेच विचारावे, 'लघवीचा एसीआर कधी केला होता?' उत्तर 'कधीच नाही' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी डबीत धरून लॅबमध्ये न्यावी.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)