खारदुंगलाची पाटी आणि रस्त्याची गोष्ट

#थ्रेड

लेहपासून ३९ किलोमीटरवर खारदुंगला आहे. ('ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'खारदुंगला खिंड' म्हणणे ही द्विरुक्ती.) तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे उंची लिहिलेली होती १८,३८० फूट, आणि सोबत जगातील सर्वांत उंच मोटाररस्ता असल्याचा दावा. जीपीएसच्या मोजणीत ही उंची भरते ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट. जवळजवळ आठशे फूट पाटीनेच चढवलेले! गेल्या जुलैत बुलेटवरून तिथे पोहोचले तेव्हा मीही त्या पाटीखाली छायाचित्र काढून घेतले. प्रश्न पडला तो उतरताना: हा रस्ता मुळात बांधला कोणासाठी?

आपल्यासाठी नव्हे, हे उघड आहे.

या खिंडी पूर्वी व्यापाऱ्यांच्या होत्या. लेहहून निघालेले तांडे खारदुंग आणि काराकोरम ओलांडून यारकंदला जात. १८७० साली ब्रिटिशांनी महाराजा रणबीरसिंहांशी करार केला आणि लाहौलच्या सीमेपासून यारकंदच्या दिशेने जाणारा व्यापारी मार्ग जकातमुक्त झाला. देखरेखीसाठी एक ब्रिटिश आणि एक महाराजांचा, असे दोन आयुक्त नेमले गेले. १९४९मध्ये चीनमध्ये सत्तांतर झाले आणि हा व्यापार आटला. नुब्रातील हुंडरला आज पर्यटक ज्या दोन मदारींच्या उंटांवर बसतात, ते त्या तांड्यांच्या उंटांचे वंशज आहेत.

खेचराच्या वाटेचा मोटाररस्ता झाला तो युद्धामुळे. १९४८च्या शरदात झोजिलावर भारतीय सैन्य अडले होते. पलीकडे लेहवर संकट होते. सुमारे साडेअकरा हजार फुटांवर रणगाडे न्यायचे जनरल थिमय्यांनी ठरवले. तोफेचा वरचा फिरता भाग उतरवून हे स्टुअर्ट रणगाडे गुप्तपणे बालतालपर्यंत आणले गेले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची वाट रुंद केली. १ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, रणगाडे खिंडीत शिरले आणि महिना संपण्यापूर्वी कारगिल हाती आले. आज झोजिलाच्या चिखलात चाक रुतले की आपण वैतागतो. तिथे सुरुंग लावून वाट रुंद करणाऱ्यांची आठवण मला तरी तेव्हा आली नव्हती.

पुढचा धक्का १९५७चा. अक्साई चीनमधून चीनचा सिंक्यांग-तिबेट रस्ता पूर्ण झाला आणि आपल्या बाजूला जवळपास काहीच नाही, हे दिल्लीला कळून चुकले. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापन झाली. पायवाट सरळ चढते. लष्कराच्या भरलेल्या ट्रकला तो चढ झेपत नाही. सरचूच्या पुढे गाटा लूप्सची २१ वळणे आपल्याला मजेची वाटतात, पण ती चढ विभागण्यासाठी आहेत.

आपली बुलेटही त्याच घरची. १९५०च्या दशकात लष्कराने गस्तीसाठी ती निवडली आणि १९५५मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडची रॉयल एनफील्ड यांनी मिळून ती भारतात बनवण्यासाठी कंपनी काढली. स्वार हौशी झाला तो बराच नंतर: लडाख पर्यटकांना खुले झाले १९७४मध्ये, मनाली-लेह रस्ता १९८९मध्ये. खारदुंगलाचा रस्ता १९७६चा, पण नागरिकांच्या वाहनांसाठी खुला झाला १९८८मध्ये.

आता ज्यांचे नाव कोणत्याच पाटीवर नसते, त्यांच्याविषयी. हा रस्ता एकदा बांधून भागत नाही. हिवाळ्यात बर्फ आणि दरडी तो मोडतात, उन्हाळ्यात तो पुन्हा उभा करावा लागतो. हे काम करणाऱ्यांत झारखंडच्या संथाल परगण्यातले, विशेषतः दुमका जिल्ह्यातले मजूर पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे फुटांवरची माणसे पंधरा-सतरा हजार फुटांवर खडी फोडतात. २०२०च्या टाळेबंदीत त्यांच्यापैकी सुमारे ६० जण लडाखमध्ये अडकले. २९ मे रोजी त्यांना विमानाने रांचीला आणले गेले, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांत ते दिसले. दोनच आठवड्यांनी, १३ जूनला, दुमकाहून विशेष रेल्वेगाडी सुटली. तिच्यात सुमारे १,६०० मजूर होते, पुन्हा सीमेवरच्या रस्त्यांसाठी. १५ जूनच्या रात्री गलवानची चकमक झाली. गलवान सर्वांना ठाऊक आहे. ही गाडी किती जणांना?

पांगच्या अलीकडे रस्ता खचला होता. आम्हांला वीसेक मिनिटे थांबावे लागले. डांबराचे पिंप तापत होते, मजुरांनी तोंडाला फडकी गुंडाळली होती. एका काकांना गाव विचारले. म्हणाले, दुमका. मग त्यांनी आमचे गाव विचारले, आणि एवढ्या लांब गाडी चालवत कोणत्या कामासाठी आलात, हेही. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. तेवढ्यात त्यांनी हिरवे निशाण दाखवले.