एल. ए. न्वार : चेहरा हाच पुरावा

‘एल. ए. न्वार’ हा १९४७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडणारा पोलीस तपासावरील व्हिडिओ गेम. ऑस्ट्रेलियातील टीम बाँडी या संस्थेने तो घडविला आणि रॉकस्टार गेम्सने मे २०११ मध्ये प्रकाशित केला. महायुद्धातून परतलेला पोलीस अधिकारी कोल फेल्प्स हा त्याचा नायक. अभिनेत्यांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपल्यामुळे साक्षीदाराची चुकवलेली नजर किंवा आवळलेले ओठ खेळाडूला पुराव्यासारखे वाचता येतात. समीक्षकांनी या नावीन्याचे मनापासून स्वागत केले. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवाने अधिकृत निवडीत घेतलेला हा पहिलाच व्हिडिओ गेम.

खेळाडूंची तक्रार उद्भवली ती याच जबाबांवरून. प्रत्येक उत्तरानंतर ‘सत्य’, ‘शंका’ वा ‘असत्य’ यांपैकी एक निवडावे लागे. सावधपणे ‘शंका’ घ्यावी, तर फेल्प्स समोरच्यावर, मग ती दुःखी विधवा का असेना, एकदम खेकसे. खेळाडूच्या मनातला सूर आणि नायकाच्या तोंडचा सूर जुळेना. त्यापुढे, देखण्या शहरात तपासाबाहेर करण्याजोगे फारसे काही नाही, ही नाराजी किरकोळच म्हणावी लागेल. २०१७ च्या नव्या आवृत्तीत पर्यायांची नावे बदलून ‘भला पोलीस’, ‘कठोर पोलीस’ आणि ‘आरोप’ अशी करण्यात आली.