काब्रेराचे ‘फ्रेंच’

भूमध्य समुद्रात, मायोर्काच्या दक्षिणेला, काब्रेरा नावाचं छोटं बेट आहे. नावाचा संबंध शेळीशी. त्याच्याभोवतीची खडकाळ बेटं धरून एकूण एकोणीस. प्राचीन रोमचा प्लिनी या बेटाचा उल्लेख करतो तो जहाजं फोडणारं दगाबाज बेट म्हणून. इसवी सन ६०३ मध्ये पोप ग्रेगरीला इथल्या मठातल्या भिक्षूंच्या वागण्याची चौकशी करायला माणूस पाठवावा लागला होता. म्हणजे ‘माणसाचा स्पर्श न झालेलं’ हे विशेषण, जे पर्यटनाच्या पुस्तिकांत सररास भेटतं, ते इथे निदान चौदाशे वर्षं उशिरा आलेलं आहे.

मी काब्रेराला पोहोचले ती एका शिलालेखामुळे. तिथे एक दगडी स्तंभ आहे. १८४७ साली फ्रेंच नौदलाच्या एका ताफ्याने उभारलेला. मजकूर एका ओळीचा: काब्रेरात मेलेल्या फ्रेंचांच्या स्मरणार्थ. भाषांतर करणाऱ्याला यात अडखळण्यासारखं काही दिसत नाही. ‘फ्रेंच’ या शब्दाशी मात्र मी बराच काळ अडून राहिले.

जुलै १८०८ मध्ये दक्षिण स्पेनमध्ये बाइलेन इथे नेपोलियनचा सेनापती द्युपाँ स्पॅनिश सैन्याला शरण गेला. सुमारे सतरा-अठरा हजार सैनिक हाती लागले. शरणागतीच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की, या सैनिकांना जहाजांतून फ्रान्समध्ये रोशफोरला पोहोचवलं जाईल. द्युपाँ आणि इतर बडे अधिकारी पोहोचलेही. बाकीच्यांच्या बाबतीत करार पाळायचा नाही, असं ठरलं. समुद्रावर ताबा असलेल्या इंग्रजांनाही हजारो शत्रूसैनिक पुन्हा मैदानात उतरवण्यात रस नव्हता. कादिझच्या बंदरात जुनी, डोलकाठ्या उतरवलेली जहाजं उभी होती. त्या तरंगत्या तुरुंगांत हे सैनिक कोंबले गेले. रोगाने माणसं मरायला लागली. मग मे १८०९ मध्ये सुमारे पाच हजार जणांची पहिली खेप काब्रेरावर उतरवण्यात आली.

तुरुंग बांधावा लागला नाही. समुद्रच भिंत. बंदरावरच्या टेकडीवर चौदाव्या शतकातला एक छोटा किल्ला, बाकी झुडपं आणि चुनखडीचा दगड. पिण्याच्या पाण्याचा झरा एक, तोही बारीक धारेचा, त्यामुळे रांग दिवसरात्र. मायोर्काच्या पाल्माहून दर चार दिवसांनी शिधा घेऊन होडी येई. १८१०च्या सुरुवातीला ती काही दिवस आलीच नाही आणि भुकेने माणसं मेली. त्या दिवसांबद्दल वाचलेलं सगळं इथे लिहिणार नाही. झाडपाला खाऊन माणसं मेली, एवढं पुरे.

आणि याच बेटावर त्यांनी झोपड्यांचं गाव वसवलं, त्यातल्या चौकाला पॅरिसमधल्या ‘पॅले रोयाल’चं नाव दिलं, लाकडाच्या वस्तू कोरून खलाशांना विकल्या, नाटकं बसवली. मायोर्काहून दामियान एस्तेलरिक नावाचा एक पाद्री त्यांच्यासाठी नेमला गेला. १८१०मध्येच अधिकाऱ्यांना इंग्लंडला हलवण्यात आलं. साधे शिपाई तिथेच राहिले, नव्या खेपा येत राहिल्या. नेपोलियन पायउतार झाल्यावर, मे १८१४ मध्ये, फ्रेंच जहाजं आली तेव्हा सुमारे ३,६०० जण जिवंत होते. एकूण किती उतरवले गेले? इतिहासकारांचे आकडे नऊ हजारांपासून जवळपास बारा हजारांपर्यंत जातात. फरकातले सगळे मेलेले नव्हेत. काही हलवले गेले, काही पळाले, काहींनी सुटकेसाठी स्पॅनिश सैन्यात नाव घातलं.

नाव घालणाऱ्यांत कोण असायचे, यात माझ्या अडखळण्याचं उत्तर आहे. काब्रेरावरच्या कैद्यांत स्विस होते, इटालियन होते, पोल होते, जर्मन बोलणारे होते. एका साम्राज्याने गोळा केलेली ही माणसं. स्तंभावर मात्र सगळे फ्रेंच झाले. राज्य मृतांना भाषा नेमून देतं, आणि मृतांचा आक्षेप येत नाही.

आपल्याला हे माहीत आहे ते सुटून आलेल्यांच्या आठवणींमुळे. आंरी द्युकोर या नौसैनिकाचं पुस्तक १८३३चं. त्याच्याही आधी, १८२६ मध्ये, रोबेर गियमार नावाच्या सार्जंटच्या आठवणी आल्या, काब्रेराच्या प्रकरणांसह. ट्राफलगारला नेल्सनला गोळी आपणच घातली, असाही सार्जंटचा दावा होता. पुस्तक लगेच इंग्रजीत गेलं, जर्मन भाषांतराला खुद्द गोएथेची प्रस्तावना मिळाली. नंतर लार्दिए नावाच्या लेखकाने कबूल केलं की गियमार असा कुणी नव्हताच. खऱ्या शिपायांच्या वह्या पडून असताना काल्पनिक शिपाई तीन भाषांत फिरत होता. आमच्या व्यवसायात कोणाचं भाषांतर व्हावं हे ठरवणारी बाजारपेठ तेव्हाही अशीच होती! तरीही ते पुस्तक टाकून द्यावं असं मला वाटत नाही. लार्दिएने कल्पित सार्जंट उभा केला, पण काब्रेराचा छळ काही त्याच्या कल्पनेतून निघालेला नाही.

आज कोलोनिया दे सांत जोर्दीहून बोट निघते. बंदराचं तोंड इतकं अरुंद की आत शिरल्यावर समुद्र दिसेनासा होतो. कैदी इथे का ठेवले, हे वाचण्यापेक्षा तिथे उभं राहून चटकन कळलं. खाजगी होड्यांना परवाना लागतो आणि बंदरात त्या बोयांना बांधाव्या लागतात, कारण नांगराने तळाचं पोसिडोनिया हे समुद्री गवत उपटलं जातं. मायोर्काच्या मुख्य भूमीवरून नाहीसे झालेले लिलफर्डचे सरडे इथे बिनदिक्कत पायाशी येतात. १९१६ मध्ये स्पॅनिश सरकारने बेट सैन्यासाठी ताब्यात घेतलं, आणि त्यामुळेच किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली नाहीत. पुढे लष्करी सरावांविरुद्ध निसर्गप्रेमींनी लढा दिला, आणि १९९१च्या एप्रिलमध्ये संसदेने राष्ट्रीय उद्यान घोषित केलं. २०१९ मध्ये त्याची हद्द दहा हजार हेक्टरांवरून नव्वद हजारांच्या वर गेली. वाढलेला भाग जवळपास सगळा पाण्याचा.

शिलालेखाची ओळ छापायला देताना संपादकांनी सुचवलं, ‘फ्रेंचांच्या’ऐवजी ‘सैनिकांच्या’ लिहा, अधिक न्याय्य होईल. मी ‘फ्रेंचांच्या’ ठेवलं. दगडावर तेच कोरलं आहे. स्विस, इटालियन, पोल ही नावं तळटीपेत घातली.