पडद्यावरचा तात्या विंचू घरी घडवताना

चित्रपटातील पात्राची, पडद्यावर दिसते तशी, सांधे हलवता येणारी लहान प्रतिकृती म्हणजे ‘अ‍ॅक्शन फिगर’. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे १२ इंचांचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत, या विचाराने तेव्हा हे नाव रूढ करण्यात आले. १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’मधील पात्रे पावणेचार इंचांत आणली आणि चित्रपट व खेळणी यांचे नाते पक्के झाले. हॉलीवूडच्या पात्रांच्या तयार प्रतिकृती विकत मिळतात. मराठी पात्र हवे असेल तर तयार आकृतीत फेरफार करून ते स्वतः घडवणे, हाच बहुधा मार्ग उरतो.

मूळ बाहुला

अशा कामासाठी तात्या विंचूइतके योग्य मराठी पात्र शोधून सापडणार नाही. कारण ते पडद्यावरच बाहुल्याच्या रूपात वावरते. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो, असे त्याचे कथानक. गुंडाची भूमिका आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा, तर बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. ‘अर्धवटराव’ला रंगमंचावर आणणारे यशवंत केशव पाध्ये हे त्यांचे वडील. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. दोन चित्रपटांत वीस वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे कोणत्या चित्रपटातील आणि कोणत्या प्रसंगातील तात्या घडवायचा, हे आधी ठरवावे.

निरीक्षण आणि प्रमाण

आठवणीतला चेहरा आणि पडद्यावरचा चेहरा यांत फरक असतो. म्हणून चित्रपट थांबवून समोरून, बाजूने व पाठीमागून दिसणारी दृश्ये टिपावीत आणि प्रत्येकाची वेळ नोंदवावी. रात्रीच्या प्रसंगातील निळसर प्रकाशावरून कपड्याचा रंग ठरवू नये. त्याच दृश्यातील एखादी पांढरी वस्तू कशी दिसते ते पाहून रंगाचा अंदाज दुरुस्त करावा.

संग्राहकांत एक षष्ठांश आणि एक द्वादशांश ही प्रमाणे अधिक प्रचलित आहेत. सहा फुटी माणूस पहिल्या प्रमाणात १२ इंचांचा, तर दुसऱ्यात ६ इंचांचा होतो. तीन फुटी बाहुला मात्र एक षष्ठांश प्रमाणात केवळ ६ इंचांचा भरतो. म्हणून शेजारी लक्ष्याची प्रतिकृती ठेवायची असेल, तर दोघांचे प्रमाण एकच धरावे. बाहुल्याची उंची त्याच दृश्यातील खुर्ची किंवा दरवाजाशी ताडून काढता येते.

घडण

नगर-मनमाड मार्गावरील कोल्हारसारख्या गावातही बरेचसे साहित्य जवळपास मिळू शकते. दोन भाग एकत्र मळण्याची इपॉक्सी लांबी हार्डवेअरच्या दुकानात, बारीक कुंचले व अ‍ॅक्रिलिक रंग स्टेशनरीच्या दुकानात, तर कापडाचे तुकडे शिंप्याकडे. आधारासाठी योग्य उंचीची जुनी आकृती घ्यावी. गरम पाण्यात काही मिनिटे धरल्यास तिचे प्लॅस्टिक मऊ होते आणि डोके न तुटता निघते.

लांबी थोडी थोडी मळून नाक, भुवया व गाल वाढवावेत. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे. बोलक्या बाहुल्याचा खालचा जबडा हलणारा असतो. ओठांच्या कडांपासून हनुवटीकडे उतरणाऱ्या फटी त्यामुळेच पडतात. त्या कोरल्या नाहीत, तर प्रतिकृती बाहुल्याची न वाटता ठेंगण्या माणसाची वाटते. सांध्यांजवळ रंग खरवडला जातो. तेथे रंग देण्यापूर्वी पृष्ठभाग किंचित घासून जागा मोकळी करावी.

रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. मऊ प्लॅस्टिकवर काही तैलरंग व फवाऱ्याचे रंग कायम चिकट राहतात, म्हणून आधी आतल्या बाजूला चाचणी घ्यावी. डोळे शेवटी रंगवावेत. नजर दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला हवी. कापडाची वीण प्रमाणानुसार लहान होत नाही, त्यामुळे जाडेभरडे कापड टाळून मलमल वापरावी. कडा उसवू नयेत म्हणून पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा हात द्यावा. कापड जुने दिसावे यासाठी चहाचे फिके पाणी पुरते.

दक्षता आणि कायदा

लांबी मळताना हातमोजे आणि घासताना तोंडावर मास्क असावा. सुटे भाग व रंग असलेली ही वस्तू लहान मुलांच्या हाती देऊ नये. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन बंधनकारक झाले आहे. पात्रावर निर्मात्यांचे हक्क असतात. विक्री करायची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी.

चित्रीकरणातील वस्तू नेहमीच जपल्या जातात असे नाही. निरीक्षणाच्या नोंदी आणि टिपलेली दृश्ये प्रतिकृतीसोबत सांभाळून ठेवल्यास, मराठी पडद्यावरील एका कारागिरीची ती छोटी नोंद ठरते.