कोंकण : एक नाव, अनेक सीमा

सुपे, बारामती व इंदापूर या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या काही घराण्यांत ‘आमचे मूळपुरुष कोंकणातून घाटावर आले’ अशी परंपरा सांगितली जाते. वंशावळीतही पुष्कळदा एवढाच उल्लेख आढळतो. परंतु कोंकण म्हणजे नेमका कोणता प्रदेश, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

या किनाऱ्याचे प्राचीन नाव अपरान्त, म्हणजे पश्चिमेकडील टोकाचा देश. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात आणि इ. स. १५० च्या सुमाराच्या रुद्रदाम्याच्या गिरनार लेखात ते येते. पुढे इ. स. ६३४ च्या ऐहोळे लेखात चालुक्य पुलकेशीने कोंकणातील मौर्यांचा पाडाव केल्याचे वर्णन असून तेथे ‘कोंकण’ हेच नाव आहे.

नाव स्थिरावले तरी सीमा स्थिरावल्या नाहीत. उत्तरेकडील शिलाहारांच्या ताम्रपटांतील कोंकण पुरी राजधानीचा व १४०० गावांचा, तर गोव्याच्या कदंबांचा कोंकण ९०० गावांचा. पौराणिक परंपरेने तर परशुरामाच्या भूमीचे सात भाग मानून ‘सप्तकोंकण’ थेट केरळापर्यंत नेले. पूर्वेस सह्याद्री आणि पश्चिमेस समुद्र या दोन मर्यादा तेवढ्या अढळ राहिल्या; उत्तर व दक्षिण सीमा राजसत्तेबरोबर सरकत गेल्या.

हा फेरबदल आपल्या काळापर्यंत चालूच आहे. कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. आणि २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निर्माण झाला. जुन्या कागदात ‘मालवण, जिल्हा रत्नागिरी’ किंवा ‘वसई, जिल्हा ठाणे’ असे वाचून आजच्या नकाशावर शोध घेणारा तरुण म्हणूनच गोंधळतो.

दूर कशाला जावे? शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे हा परगणा होता. आजचे सुपे बारामती तालुक्यातील एक गाव आहे. शिवाय पारनेर तालुक्यातही एक सुपे आहेच! केवळ ‘सुपेकर’ एवढ्यावरून कुळाचे ठिकाण ठरविणे जितके धाडसाचे, तितकेच केवळ ‘कोंकणातून आलो’ एवढ्यावरून.

म्हणून सर्व कुटुंबप्रमुखांस नम्र विनंती आहे की, वंशावळ लिहिताना मूळ गाव, तालुका, कागदातील जिल्हा व आजचा जिल्हा अशी चारही नावे नोंदवावीत आणि कागदाचे सालही लिहावे. जेथे माहिती नाही तेथे जागा कोरी ठेवावी. तर्काने भरू नये. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. त्यांच्या मुखातले गावाचे नाव एकदा लोपले, म्हणजे पुढील पिढीच्या हाती ‘कोंकण’ हा एकच शब्द उरेल, आणि तेवढ्यावरून घर सापडत नाही.