वल्हं कुणाच्या हाती?

आपल्या बाजारात रावसाला कुणी कुणी 'इंडियन सामन' म्हणतात. पण खऱ्या सामनशी त्याचं नातं नाही. पॅसिफिक महासागरातला सामन जन्मतो नदीच्या गोड्या, थंड पाण्यात, तळाच्या खडीत. मग तो समुद्रात जातो, वाढतो आणि काही वर्षांनी पाण्याच्या वासावरून आपली नदी ओळखून परततो. नदीत शिरल्यावर अन्नही सोडतो. त्याच खडीत पुढच्या पिढीची सोय होते आणि तो देह ठेवतो. या माशाची गोष्ट सांगायला बसलं, की ती माणसांचीच गोष्ट होते.

कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकुव्हर बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल रिव्हर. नदीचं नाव तेच आणि गावाचंही तेच. १८९६ साली सर रिचर्ड मसग्रेव्ह यांनी इथे गळाने पकडलेल्या ७० पौंडी सामनची हकिगत 'द फील्ड' या लंडनच्या नियतकालिकात लिहिली. ७० पौंड म्हणजे जवळजवळ ३२ किलो! हौशी साहेबलोकांचे डोळे या नदीमुखाकडे लागले.

पण नदीमुख काही ओस पडलेलं नव्हतं. लिग्विल्डाख लोकांची तिथे वस्ती होती. भरती कधी फिरते, मासा कुठल्या धारेला लागतो, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. सीडरच्या खोडातून कोरलेल्या त्यांच्या होड्या होत्या. पाहुण्याकडे पैसा आणि गळ. पाण्याची ओळख मात्र यांच्याकडे. वाटाड्याच्या धंद्याचा पाया हाच.

१९२४ साली तिथे 'टायी क्लब' स्थापन झाला. चिनूक नावाच्या मिश्र व्यापारी बोलीत 'टायी' म्हणजे सरदार. सामनच्या जातींमध्ये सर्वांत मोठ्या जातीचं नावही चिनूकच. हा मासा ३० पौंडांचा किंवा त्याहून जड भरला, की त्याला 'टायी' म्हणायचं. क्लबचे नियम कडक आहेत. होडी वल्ह्यांनीच चालवायची, इंजिन नको. आमिष कृत्रिमच हवं. दोरही ठरावीक ताकदीचाच, म्हणजे माशालाही सुटायची संधी राहते.

या खेळात वल्हेकऱ्याचं काम मोठं. होडी जराशी वेगात गेली, तर चमच्यासारखा धातूचा गळ भलताच फिरतो. मंदावली, तर तो मरगळतो. ती लय वल्ह्यांनीच सांभाळायची. मासा लागला, की होडी कुठे वळवायची हेही त्यानेच ठरवायचं. हंगामातला सर्वांत मोठा मासा पकडणाऱ्याला 'टायी मॅन' हा किताब मिळतो. तो मिळतो गळ धरणाऱ्याला.

आता या चित्राची दुसरी बाजू बघा. १८८८ साली कॅनडाच्या मत्स्यनियमांनी मूळनिवाशांना बजावलं होतं : पोटापुरता मासा पकडा, पण विकू नका, त्याची अदलाबदलही करू नका. ज्यांचा सारा व्यवहार सामनवर उभा होता, त्यांच्याच हक्काला अशी वेस घातली गेली. म्हणजे दुसऱ्याच्या हौसेसाठी वल्हं मारून मजुरी घेता येत होती. आपल्या नदीतला मासा आपल्या पूर्वापार हक्काने विकता येत नव्हता. पुढे मस्क्विअम जमातीच्या रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर परवान्यापेक्षा लांब जाळं वापरल्याबद्दल १९८४ साली खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० साली न्यायालयाने निर्वाळा दिला, की अन्नासाठी आणि सामाजिक व धार्मिक कार्यांसाठी मासे पकडण्याचा त्यांचा हक्क कायम आहे, आणि माशांच्या रक्षणाची गरज भागल्यावर पहिला मान त्याच हक्काचा. विक्रीचा प्रश्न त्या निकालाने सोडवला नाही.

आणि मासा? त्याचं काय झालं? १९४७ साली कॅम्पबेल नदीवर जॉन हार्ट धरणाची वीज सुरू झाली. धरण पाणी अडवतं, तशी वरून वाहत येणारी खडीही अडवतं. आणि सामनचा पाळणा तर त्या खडीतच. याच नदीकाठी रॉडरिक हेग-ब्राऊन राहत. ते न्यायदंडाधिकारी, लेखक आणि पट्टीचे गळकरी. १९५०च्या दशकात वरच्या बटल तलावाला धरणापासून वाचवण्यासाठी ते झगडले. ती लढाई ते हरले. पण गळ धरणाऱ्या माणसाने नदीची बाजू घ्यायची असते, हा धडा देऊन १९७६ साली ते गेले.

आज तिथले बरेच गळकरी पकडलेला मासा पाण्यात परत सोडतात. २०१९ साली कॅनडा सरकारने फ्रेझर नदीतल्या चिनूकसाठी हौशी मासेमारीवरही कडक बंधनं घातली. आता वाटाड्याच्या पोटाचा प्रश्न आणि माशाच्या जिवाचा प्रश्न एकमेकांत गुंतला आहे.

सामन आपली नदी विसरत नाही. ती नदी त्याच्यासाठी शाबूत ठेवायची, तर किताब कुणाला मिळाला हे मोजून भागणार नाही. त्या पाण्यावर पहिल्यांदा वल्हं कुणी मारलं, याचीही आठवण ठेवावी लागेल.