लवकर ओळखणारी माणसे कशी घडली

वाचकहो, भोसरीला आमच्या घराला लागून एक कुटुंब राहत असे. गृहस्थ एका कारखान्यात फिटर, तीन पाळ्यांचे काम, बाई घरी. पहिलाच मुलगा. बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, लातूरकडे झाले आणि बाळ चार महिन्यांचे झाल्यावर मायलेकरे भोसरीला आली. मुलगा गुटगुटीत, हसरा. पण दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. कोणी म्हणे, ‘‘मुलगे उशिराच बोलतात.’’ कोणी म्हणे, ‘‘याचा बाप तरी चार वर्षांचा होईतो कुठं बोलत होता?’’ हाक मारली की वळून पाहत नसे, म्हणून पोर हट्टी ठरले. दोनचार धपाटेही खाल्ले त्याने. पाचव्या वर्षी शाळेत नाव घालायला नेले, तेव्हा बालवर्गाच्या एका बाईंनी त्याच्या पाठीमागे उभे राहून जोराने टाळी वाजवली. पोर ढिम्म! मग तपासण्या झाल्या. दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ बंद होते.

मी भिंतीपलीकडे राहत होतो. इतिहास विषय घेऊन एम. ए. झालेला, महाविद्यालयात व्याख्याने देणारा माणूस. ते पोर पाच वर्षे माझ्या दारात खेळत होते. एक टाळी वाजवून पाहावी, हे मला काही सुचले नाही. त्या बाईंना सुचले, कारण त्यांना ते कोणीतरी शिकवलेले होते. हे शिकवणे आले कोठून आणि त्या मुलापर्यंत पोचायला त्याला पाच वर्षे का लागली, याचा माग काढावा असे तेव्हापासून मनात होते.

हा माग थेट फ्रान्सपर्यंत जातो. १८०० साली आव्हेरॉनच्या रानात एक दहाबारा वर्षांचा मुलगा सापडला. बोलता येत नव्हते, माणसांची सवय नव्हती. पॅरिसच्या बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेतील तरुण डॉक्टर इटार याने त्याला हाती घेतले. ‘हा जन्मजात जड आहे, याच्यावर श्रम व्यर्थ,’ असे त्या काळच्या मोठ्या वैद्यांचे मत होते. इटारने पाच-सहा वर्षे खटपट केली, टिपणे ठेवली, आणि व्हिक्टर हे नाव दिलेल्या या मुलाला फारसे बोलता आले नाही म्हणून शेवटी नाद सोडला. पण इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेली एक बाई येथे आहे. मादाम गेरँ तिचे नाव. मुलाला जेवू घालणे, फिरायला नेणे, निजवणे हे सगळे तीच करी. आणि डॉक्टरने प्रयत्न सोडल्यावरही १८२८ मध्ये तो मरेपर्यंत तिनेच त्याला सांभाळले. तिला कोणी कसले शिक्षण दिले नव्हते, आणि तिची टिपणेही कोणी मागितली नाहीत.

इटारचा शिष्य सेगँ. त्याने अशा मुलांसाठी हात, डोळे, कान यांना वळण लावणारी पद्धत बसवली. सेगँचे ग्रंथ पुढे रोममध्ये एका तरुण डॉक्टरणीच्या हाती पडले. तिचे नाव मारिया माँटेसोरी. आपल्याकडे माँटेसोरी म्हटले की रंगीत ठोकळे, स्वच्छ सतरंज्या आणि बऱ्यापैकी फी भरणाऱ्यांची मुले डोळ्यांसमोर येतात, नाही का? पण या बाईंचे पहिले काम वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या, बुद्धीने मागे पडलेल्या मुलांमध्ये झाले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांचे शिक्षक तयार करणारी शाळा निघाली, तिच्या चालकांत त्या होत्या. त्यांनी शिकवलेली काही मुले सरकारी प्राथमिक परीक्षेत चांगली उतरली. लोकांनी वाहवा केली. बाईंच्या मनात मात्र उलटाच प्रश्न उभा राहिला. ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळांनी एवढे मागे कसे ठेवले?

त्या प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या कामगारवस्तीत ‘बालकांचे घर’ उघडले. आईबाप कामावर जात, पोरे जिन्यांवर उंडारत आणि भिंती खराब करीत. त्यांची सोय करावी हा इमारतीच्या मालकांचा साधा हिशेब होता. तेथे मुलांपाशी बसायला नेमलेली बाई प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. त्याच इमारतीतली एक साधी बाई होती ती. माँटेसोरींनी तिला काय करायचे ते दाखवले, आणि जे दिसेल ते सांगत जा, असे सांगितले.

हीच पद्धत आपल्याकडे गुजरातमार्गे आली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तेथे बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालले. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांना तेथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या. गावातली हरिजन आणि आदिवासी मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले, आणि शिकलेली बाई शहरातून आणण्यापेक्षा वस्तीतलीच बाई शिकवावी, हे तेथे रुजले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

मात्र या सगळ्या प्रवासात एक गोष्ट हरवली. ज्या मुलांपासून या पद्धतीचा जन्म झाला, तीच मागे राहिली. बालवाडी धडधाकट मुलांची झाली आणि बाकीच्यांसाठी वेगळी दारे उघडली. मुंबईची बहिऱ्या-मुक्यांची शाळा १८८५ ची. बुद्धीने मागे असलेल्या मुलांसाठी मानखुर्दला १९४१ मध्ये आणि जय वकील शाळेच्या रूपाने १९४४ मध्ये सोय झाली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ काढली. पुढे तिची शाखा निगडीला आली, म्हणजे आमच्या या पट्ट्यातच. या शाळांनी केलेले काम थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण शाळा म्हटली की मूल शाळेच्या वयाचे व्हावे लागते. कानाला यंत्र बसवून बोलणे शिकवायचे तर पहिली तीन वर्षे सोन्याची. त्या तीन वर्षांत मुलापाशी कोण असते? आई, फार तर आजी.

येथे गंमत अशी की, प्रश्न वाढवला तो प्रगतीनेच. १९५५ मध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. अशा औषधांनी जंतुसंसर्गातून मुले वाचू लागली. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेले मूल पूर्वी बहुधा दगावे. आता ते जगते, पण कधी कधी कान गमावून. पुढे रुग्णालयांत काचेच्या पेट्या आल्या आणि दीड-दोन किलोची बाळेही तगू लागली. ही बाळे घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय होते?

पुण्यात रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयाने हा प्रश्न मनावर घेतला. डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांच्या पथकाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला, आणि तो ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत नेला. अठरा वर्षे, वाचकहो! या पट्ट्यात भाडेकरू अकरा महिन्यांत घर बदलतो. जन्मवजनाइतकेच आईचे शिक्षण आणि घरातले वातावरणही मुलाच्या बुद्धीच्या वाढीत मोलाचे ठरते, हे या कामातून पुढे आले. असे काम एका डॉक्टरचे नव्हे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यायामोपचार करणारे आणि समाजसेविका यांनी एकाच मुलाकडे एकाच वेळी पाहायचे असते. आपापल्या महाविद्यालयात हे कोणालाच शिकवलेले नसते.

कायदाही जागा झाला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंदवही आली. नोंदणीशिवाय धंदा करणे गुन्हा ठरले. त्यामुळे भोंदूंना थोडाफार चाप बसला. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत याच विषयाची पदव्युत्तर पदविका निघाली. मग ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि तोही पालघरला, ताराबाई-अनुतार्इंच्या मुलखात! दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचे, आणि शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’त पाठवायचे, अशी ही योजना. हस्तक्षेप हा शब्द मला मुळीच आवडत नाही. आपल्या भाषेत हस्तक्षेप दुसऱ्याच्या भांडणात करतात. मुलाला आपण हात देतो. पण सरकारी शब्दकोशापुढे इलाज नाही.

या केंद्रात जी पदे असतात त्यांत बालरोगतज्ज्ञापासून दंतवैद्यापर्यंत सगळे आहेत, आणि लहान मुलांवर लवकर काम करणारा विशेष शिक्षकही आहे. पुणे जिल्ह्याचे केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात. पिंपरीत मोरवाडीला महापालिकेने अलीकडे दिव्यांग भवनही उभारले. कागदावर पाहिले तर साखळी पुरी झाली.

पण चाकणच्या बाजूला एकदा जाऊन पाहा. नाणेकरवाडीच्या किंवा महाळुंग्याच्या चाळीतली बाई काल-परवा हिंगोलीहून किंवा बिहारमधून आलेली असते. नवरा कंत्राटी. औंधला जायचे म्हणजे दोन बस आणि एक खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडाली. व्यायामोपचार तर आठवड्यातून दोनदा हवेत! शिवाय बाळाचा जन्म एका जिल्ह्यात, लशीचे कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ‘हिचा थोरला या वयात बसत होता’ असे सांगणारी आजी तिसऱ्याच गावी. खेड्यात मुलाची उणीव निदान चार तोंडांत बोलली तरी जाते. आमच्या या पट्ट्यात दार बंद असते.

म्हणून माझे मत असे की, पदविकाधारक वाढवावेत, अवश्य वाढवावेत. पण प्रशिक्षणाचा खर्च आणि मान यांचा मोठा वाटा अंगणवाडी सेविकेपर्यंत आणि तिच्यामार्फत आईपर्यंत गेला पाहिजे. पदवीधरांना हे कमीपणाचे वाटते, हे मी ऐकून आहे. मग मादाम गेरँचे काय, आणि सान लोरेंझोच्या त्या बाईचे काय? दिल्लीला २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर झाली. मूल कसे ओळखावे, कोठे पाठवावे आणि अंगणवाडीतच त्याला कसे सामावून घ्यावे, हे तीत आहे. मात्र सेविकेच्या डोक्यावर आधीच पोषण आहार, वजने, नोंदी आणि मोबाईलवर भरायची माहिती आहे. नवे काम दिले, तर त्यासाठी जुने कोणते काढले, हेही कोणीतरी सांगायला हवे.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीबरोबर मी चाकणजवळच्या एका अंगणवाडीत गेलो होतो. पत्र्याची खोली, बाहेर चिखल. एक तरुण आई सात-आठ महिन्यांचे बाळ घेऊन वजनाला आली होती. सेविकेने वजन लिहिले आणि वही मिटता मिटता विचारले, ‘‘आधार न देता बसतो का?’’

‘‘बसतो की.’’

‘‘मागनं ताट वाजवलं तर वळून बघतो का?’’

आई थांबली. ‘‘कधी बघितलं नाही, बाई.’’

सेविकेने कोपऱ्यातली खिचडीची रिकामी थाळी उचलली, आणि मला म्हणाली, ‘‘सर, जरा बाजूला व्हा, तुमच्याकडंच बघत बसलंय ते.’’